नवी वीज की वाचवलेली वीज? महाराष्ट्रातल्या लोकमताविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हा वाद नेमका काय आहे?

राज्यातली विजेची कमाल मागणी आता ३० हजार मेगावॉटच्या आसपास जाते. उन्हाळा आला की दोन सूर लागतात. एकाचं म्हणणं, कोळसा, अणू, सौर, जे जमेल ते उभारा, पण वीज द्या. दुसऱ्याचं म्हणणं, आधी उधळपट्टी थांबवा. 'लोकांना हेच हवंय' असं दोन्हीकडचे छातीठोकपणे सांगतात. लोकांना खरंच काय हवं होतं आणि ते कुठे दिसलं, एवढंच या पानावर आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: महाराष्ट्रात बचतीला कुणाचाच विरोध नाही आणि तिचं नुकसान त्यामुळेच झालंय. विरोध नसल्याने तिच्यावर भांडण होत नाही, भांडण नाही म्हणून बातमी नाही आणि बातमी नाही म्हणून तिला वाली नाही.

लोकांना हा प्रश्न कुणी थेट विचारलाय का?

आपल्याकडे मतपेटीतून कधीच नाही. अमेरिकेत गॅलप ही संस्था २००१ पासून वेळोवेळी विचारत आली आहे की तेल, वायू, कोळशाचं उत्पादन वाढवण्यावर भर द्यावा की बचतीवर. या प्रश्नातली गोम अशी की प्रकल्प कुणाच्या दारात येणार, हे त्यात नसतं. दारातला प्रकल्प आणि तीनशे मैलांवरचा प्रकल्प यांना माणूस एकच उत्तर देत नाही.

स्वित्झर्लंडने जास्त प्रामाणिक वाट धरली. २१ मे २०१७ रोजी तिथे सार्वमत झालं. नव्या अणुभट्ट्यांना बंदी, अक्षय ऊर्जेला चालना आणि वापर कमी करण्याची उद्दिष्टं, असं सगळं एकाच कायद्यात होतं. ५८.२ टक्के मतदारांनी होकार दिला. म्हणजे त्यांना 'हे की ते' असं विचारलंच नव्हतं.

आपल्याकडे लोकमत वाचायचं तर ते पर्यावरणीय जनसुनावणीच्या मांडवात, वीज नियामक आयोगापुढच्या हरकतींत, मोर्चात आणि वीजबिलात शोधावं लागतं.

महाराष्ट्रात वीज प्रकल्पांना विरोध कधीपासून आहे?

शंभर वर्षांहून जास्त काळ. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढच्या धरणासाठी मुळशी खोरं निवडलं, तेव्हा १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे नेते. 'जान किंवा जमीन' ही घोषणा तिथली. धरण झालंच, लोक हरले. पण आजच्या प्रत्येक वादाचा साचा तिथे सापडतो: वीज मुंबईला, पाणी कंपनीला आणि उठायचं मावळ्याने.

कोयनेचंही तसंच. १,९६० मेगावॉटच्या त्या प्रकल्पाला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात, आणि म्हणणं रास्तही आहे. संध्याकाळी मागणी एकदम चढते तेव्हा आजही कोयनेकडे बघावं लागतं. पण धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची आंदोलनं दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपर्यंत चालली. भाग्यरेषा कुणाच्या तळहातावर होती, हे पाटण आणि जावळीत विचारून बघा.

एन्रॉनच्या वेळी लोकमत विजेच्या विरोधात होतं का?

विजेच्या विरोधात मुळीच नव्हतं. राग करारावर होता.

थोडी उजळणी करू. एन्रॉन ही अमेरिकी कंपनी. गुहागर तालुक्यातल्या तिच्या दाभोळ प्रकल्पाचा वीज खरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली. युतीचं सरकार आलं, ऑगस्टमध्ये करार रद्द झाला आणि वर्ष पालटेपर्यंत नव्या वाटाघाटी होऊन प्रकल्प पुन्हा उभा राहिला. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये चालू झाला आणि मे २००१ मध्ये बंद पडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत मूळ कंपनीच दिवाळखोरीत निघाली. पुढे २००६ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने प्रकल्प पुन्हा सुरू झाला.

करारात दोन गोष्टी अशा होत्या की त्या सामान्य माणसालाही कळल्या. वीज घेतली नाही तरी राज्य वीज मंडळाने ठरलेली रक्कम, म्हणजे स्थिर आकार, भरायचाच. आणि दर डॉलरशी बांधलेला, म्हणजे रुपया घसरला की वीज महाग. पुण्याच्या 'प्रयास' या अभ्यासगटातल्या गिरीश संत यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही आकडेमोड लोकांपुढे मांडली. अंजनवेल आणि वेलदूरच्या गावकऱ्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. 'एवढी वीज हवी तरी आहे का, आणि तेवढ्याच पैशात गळती थांबवली तर?' हा प्रश्न त्या काळात महाराष्ट्रात पहिल्यांदा गंभीरपणे विचारला गेला. बचत ही उपदेशाची बाब राहिली नाही, ती हिशेबात आली. दुर्दैवाने प्रकल्प बंद पडल्यावर चर्चाही बंद पडली.

जैतापूरचा विरोध फक्त किरणोत्साराच्या भीतीपोटी होता का?

भीती होतीच, आणि ती अडाणीपणाची नव्हती. राजापूर तालुक्यात माडबनला १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट, अशी योजना. फ्रेंच कंपनीशी करार डिसेंबर २०१० मध्ये झाला. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमाचा अणुअपघात घडला. १८ एप्रिलला जैतापूर परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला. या चार-पाच महिन्यांत कोकणातलं मत कसं घट्ट झालं असेल, याची कल्पना करता येते.

पण सगळं मत एकाच रंगाचं नव्हतं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतल्या बहुतेकांनी सुरुवातीला धनादेश नाकारले. २०१३ साली भरपाई हेक्टरी साडेबावीस लाखांपर्यंत वाढली आणि अनेकांनी पैसे स्वीकारले. त्यावर वर्तमानपत्रांनी 'विरोध मावळला' असे मथळे दिले. साखरी नाट्याच्या मच्छीमारांना मात्र कुणी धनादेश देणारच नव्हतं, कारण त्यांच्या नावावर सातबारा नाही. त्यांचं शेत म्हणजे समुद्र. प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्याने मासळी लांब जाईल, सुरक्षेच्या पट्ट्यात होड्या घालता येणार नाहीत, हे त्यांचे प्रश्न होते. त्यांचा विरोध मावळायला काही कारणच घडलं नाही. आंबा बागायतदाराचं तिसरंच: हापूसच्या नावाला धक्का लागला तर बाजार गेला.

तेव्हा 'कोकणी माणूस विकासाला विरोध करतो' हे वाक्य कानावर पडलं की विचारावं, कोणता कोकणी माणूस? मुंबईत चाकरीला असलेला, बागेत राबणारा, की पहाटे होडी लोटणारा?

सौर आणि पवन ऊर्जेला तरी सगळ्यांचा पाठिंबा असेल ना?

लांबून बघणाऱ्यांचा असतो. एक मेगावॉट सौर प्रकल्पाला साधारण चार-पाच एकर जागा लागते. ती बऱ्याचदा गायरानातून काढली जाते, आणि गायरानावर ज्याची चार शेरडं जगतात त्याला कुणी विचारत नाही. खाजगी जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक मिळतात, म्हणून कोरडवाहू माळ असणारा शेतकरी खूश असतो. एकाच गावात दोन मतं, आणि दोन्ही रास्त.

धुळ्याच्या साक्री भागात पवनचक्क्या आल्या तेव्हा वनजमिनीवरच्या हक्कांचा वाद उभा राहिला. कोल्हापुरात भुदरगड तालुक्यातलं पाटगाव 'मधाचं गाव' म्हणून ओळखलं जातं. तिथल्या धरणाचं पाणी उदंचन प्रकल्पाला द्यायला लोकांनी विरोध केला. उदंचन म्हणजे वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं आणि लागेल तेव्हा खाली सोडून वीज करायची. घाटघरला असं २५० मेगावॉटचं केंद्र आहे. सूर्य मावळल्यावर सौर ऊर्जेला असा जोडीदार लागतोच. म्हणजे नव्या विजेच्या पाठीमागे आणखी एक प्रकल्प आणि त्याच्या पाठीमागे आणखी एक गाव. हरित म्हटल्याने विस्थापन हरित होत नाही.

आणि कोळसा?

विदर्भाला विचारा. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं. तिथली हवा, राख, उन्हाळा यावर वेगळं लिहायला हवं. कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्यासाठी मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हा नागपूरकर पर्यावरणवाद्यांचा विरोध होता. त्याच्या आदल्याच पावसाळ्यात तिथल्या राखेच्या तलावाचा बांध फुटून राखेचं पाणी शेतात गेलं होतं. जिल्ह्यात रोजगार हवा म्हणणारेही होते.

भारनियमनाच्या काळात लोक काय म्हणत होते?

'लाईट द्या', दुसरं काही नाही. २००५ नंतरची सहा-सात वर्षं ज्यांनी खेड्यात काढली त्यांना आठवेल: बारा-बारा तास वीज नसायची, पिठाच्या गिरणीपुढे डबे रांगेत लागायचे, दहावीचा अभ्यास कंदिलावर व्हायचा. त्या काळात कुणी 'बचत करा' म्हटलं असतं तर लोकांनी हसून सोडलं असतं. जी वीज मिळतच नाही ती वाचवायची कशी?

महावितरणने फिडरनिहाय, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या एकेका वीजवाहिनीनुसार, गट पाडले. गळती आणि थकबाकी जास्त तिथे अंधार जास्त. हिशेब समजण्यासारखा होता, पण नियमाने बिल भरणाऱ्यालाही शेजाऱ्याने तारेवर टाकलेल्या आकड्याची शिक्षा मिळत होती. त्यातून कटुता आली.

याच काळात पुण्यात एक वेगळा प्रयोग झाला. २००६ साली उद्योगांनी स्वतःची जनित्रं चालवायची, त्यामुळे ग्रिडवर वाचलेली वीज शहराला द्यायची आणि त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी बिलातून भरायचा, असं ठरलं. आयोगाने मान्यता दिली, पुणं भारनियमनमुक्त झालं. लोक अखंडित विजेसाठी जास्त पैसे मोजायला तयार आहेत, असं त्यातून दिसलं. पण ते पुणेकर होते. हाच प्रश्न परभणीत विचारला असता तर उत्तर वेगळं आलं असतं, आणि तो तिथे विचारलाही गेला नाही.

लोक बचतीला खरंच तयार असतात का?

स्वस्त आणि सोपी असेल तर धावत येतात. एलईडी बल्ब हे त्याचं सर्वांत मोठं उदाहरण. ५ जानेवारी २०१५ ला केंद्राची 'उजाला' योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केली. २०१४ मध्ये तिला तीनशेच्या वर पडणारा बल्ब २०१६ पर्यंत चाळिशीच्या आत आला. देशभरात ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. महावितरणच्या कार्यालयाबाहेर वीजबिल हातात घेऊन रांगेत उभे राहिलेले लोक पर्यावरण वाचवायला आले नव्हते. साठ वॉटच्या जागी नऊ वॉट जळणार होते, एवढं त्यांना पुरेसं होतं. रोज पाच तास लावला तर अशा एका बल्बमागे वर्षाला नव्वदेक युनिट वाचतात.

यावरून मी एक निष्कर्ष काढतो, पटला तर घ्या: लोकांच्या मनोवृत्तीवर व्याख्यानं देण्यापेक्षा दुकानातली किंमत बदलली तर बचत जास्त होते.

जाता जाता, ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवते? नऊ मिनिटं दिवे बंद करायचे होते. मागणी १२-१४ हजार मेगावॉटने घटेल असा अंदाज होता. ती सुमारे ३१ हजारांनी घटली. ग्रिड सांभाळणाऱ्यांनी जलविद्युत केंद्रांच्या जोरावर तो झटका पेलला. त्याचा हेतू बचतीचा नव्हता, पण देशातल्या घरांचे नुसते दिवे किती वीज खातात हे सगळ्यांना एकदम दिसलं.

घरात नेमकं काय केलं तर फरक पडतो?

पंखा बदला. खोटं वाटेल, पण आपल्याकडे फ्रीजचे तारे बघणारा माणूस पंखा मात्र वडिलांच्या काळातला चालवतो. जुना पंखा ७०-८० वॉट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे सोळा युनिट. घरात तीन पंखे असतील तर पन्नासच्या जवळ. आणि इथे आपल्या दररचनेची मेख आहे: १०० युनिटांच्या पुढचा दर एकदम चढतो. एकशे तीस युनिट वापरणारं घर तीन पंख्यांच्या जोरावर शंभराच्या आत येऊ शकतं. पंख्यांना तारांकन सक्तीचं झालं ते २०२३ च्या जानेवारीत, एसी-फ्रीजच्या तेरा वर्षांनंतर. गरिबाघरची वस्तू, म्हणून उशीर, दुसरं काय.

एसी असेल तर २४ अंशांवर ठेवा. तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो.

शेतकऱ्याला 'वीज वाचवा' सांगणं योग्य आहे का?

रात्रीच्या थ्री फेजवर (पंप चालवणाऱ्या विजेवर) दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, गेलेल्या माणसाला ते सांगून बघा. आठवड्यातले काही दिवस आठ तास दिवसा, बाकीचे दिवस रात्री, अशी पाळी असते. रात्री बॅटरी घेऊन उसात शिरायचं, पायाखाली साप, जुन्नर-शिरूरकडे बिबट्या. म्हणून शेतकऱ्याची पहिली मागणी स्वस्त विजेची नाहीच, दिवसाच्या विजेची आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टींनी कोल्हापुरात धरणं धरलं ते दिवसा दहा तास विजेसाठी.

पण वीज वाया जाते, हेही खरं. पंपाला ऑटोस्विच लावलेला असतो. वीज आली की शिवारातले सगळे पंप एकदम चालू होतात, डीपीवर, म्हणजे गावच्या रोहित्रावर, भार येतो, व्होल्टेज पडतं, कुणाची तरी मोटर जळते. जळली की बाइंडिंग (तार पुन्हा गुंडाळणं), पुन्हा जळली की पुन्हा बाइंडिंग, आणि दर वेळी मोटर आधीपेक्षा जास्त वीज ओढते. व्होल्टेज मिळत नाही म्हणून तीनच्या जागी पाच एचपीची मोटर घेतली जाते. महावितरण सांगतं ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. शेतकरी म्हणतो, वीज कधी येणार हे आधी सांगा, मग ऑटोस्विच काढतो. दोघांचंही बरोबर आहे, आणि पहिलं पाऊल महावितरणने टाकायला हवं.

२०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. चांगला पंप घेतला तर बिल कमी होईल, हे सांगायलाही आता जागा उरली नाही, कारण बिलच नाही. वर, मीटर नसलेल्या पंपांच्या नावावर वितरणातली गळती दाखवली जाते, हा ग्राहक संघटनांचा जुना आक्षेप आहे. त्यामुळे शेती नेमकी किती वीज वापरते यावरच एकमत नाही.

एक मार्ग मात्र दोन्ही बाजूंना जवळ आणतो. शेतीचे फिडर सौर प्रकल्पांवर चालवायची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, किंवा शेतावरचा सौर पंप, ज्यात सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के. ऊन असतानाच वीज मिळते, म्हणजे दिवसाची मागणी आपोआप पुरी होते. सौर पंपाच्या तक्रारी आहेत, ढगाळ दिवसांच्या आणि बिघाडानंतर न येणाऱ्या दुरुस्तीवाल्याच्या. तरी रात्रीच्या पाळीपेक्षा बरं.

नीट बचत केली तर नवे प्रकल्प लागणारच नाहीत?

लागतील. मेळघाटातल्या किंवा धडगावच्या घरात एक दिवा आणि एक मोबाइल चार्जर आहे, तिथे वाचवणार काय? त्या घराचा वापर वाढायलाच हवा. शिवाय जुने औष्णिक संच कधीतरी बंद होणार. पण प्रकल्प दहाऐवजी सहा लागतील, आणि ते चार कुठले टळले हे महत्त्वाचं. वाचलेल्या प्रत्येक युनिटमागे साधारण पाऊण किलो कोळसा खाणीत राहतो, आणि तारेतल्या गळतीचा हिशेब धरला तर थोडा जास्तच. बंगळुरूचे ऊर्जा अभ्यासक अमूल्य रेड्डी यांनी कर्नाटकासाठी साडेतीन दशकांपूर्वी अशी मांडणी करून दाखवली होती की आधी गरजा मोजा, मग बचत आणि निर्मिती यांतलं स्वस्त ते आधी करा. आपल्याकडे अजून प्रकल्प आधी ठरतो, गरज मागाहून काढली जाते.

छतावरचं सौर पॅनेल कशात मोजायचं?

दोन्हीत. घरमालकाला ती बचत वाटते, सरकार ती निर्मिती म्हणून मोजतं. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याची अडचण वेगळी: गच्ची सोसायटीची, आणि सोसायटीच्या सभेत एकमत होणं म्हणजे जैतापूरपेक्षा अवघड.

स्मार्ट मीटरला एवढा विरोध का झाला?

वीज कोणत्या वेळी किती वापरली, हे स्मार्ट मीटर नोंदवतो. त्यामुळे वेळेनुसार दर ठरला तर लोक धुणं, इस्त्री, गीझर दिवसा उरकतील आणि संध्याकाळचा भार हलका होईल, हा विचार चुकीचा नाही. आता दिवसाच्या वापरावर सवलतही आहे. पण २०२४ मध्ये लोकांनी ऐकलं ते 'प्रीपेड', आणि त्यांना दिसला तो मीटर बदलल्यावर वाढलेला आकडा. लोकक्षोभ पाहून सामान्य ग्राहकांना ते मीटर लावणार नाही असं सरकारने जाहीर केलं, आणि पुढे टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार दराचे) मीटर या नावाने ते आलेच. विश्वास असा गेला की बचतीची चांगली योजनाही संशयाने बघितली जाते.

माझं मत कुठे नोंदवू?

दरवाढीचा किंवा गुंतवणुकीचा प्रस्ताव असेल तर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाकडे. कंपनीची याचिका जाहीर होते, तिचा मराठी सारांश मिळतो, लेखी हरकत पाठवता येते आणि सुनावणीत बोलता येतं. सुनावणी कधी विभागवार असते, कधी ऑनलाइन. वकील लागत नाही. 'दर वाढवू नका' एवढंच लिहिण्यापेक्षा 'गळती अमुक टक्के दाखवली आहे, गेल्या वर्षीचं उद्दिष्ट का गाठलं नाही' असं लिहिलं तर आदेशात त्याची दखल घ्यावी लागते. बचतीच्या कार्यक्रमांवर कंपनी किती खर्च करते, हेही विचारा. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात.

प्रकल्प असेल तर पर्यावरणीय जनसुनावणी. किमान तीस दिवस आधी जाहिरात यावी लागते आणि अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत बघायला ठेवावा लागतो. मांडवात गणपूर्तीची अट नाही, दहा माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरतात. म्हणून बहिष्कार घालण्याआधी दोनदा विचार करा. बोलायला उभं राहिलात तर नाव, गाव आणि मुद्दा स्पष्ट सांगा, चित्रीकरण चालू असतं. लेखी निवेदन दिलंत तर पोच घ्या. आणि जेवणाची वेळ झाली म्हणून निघून जाऊ नका: आलेल्या मुद्द्यांचा गोषवारा शेवटी सर्वांसमोर मराठीत वाचून दाखवायचा असतो. आपला मुद्दा त्यात नसेल तर तिथेच हात वर करून तो घालायला लावा.